‘त्रिकाल’ आणि लोटलीचा वाडा : एका युद्धकालीन कौटुंबिक चित्रपटाच्या चित्रीकरणस्थळाचा अभ्यास

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावर चित्रपटाचा अभ्यास प्रामुख्याने कथा, पटकथा, अभिनय व आशयसूत्र या अंगांनी केला जातो. चित्रीकरणस्थळ हा घटक छायाचित्रणाच्या टिपणात एखाद्या ओळीपुरता येतो किंवा पर्यटनविषयक माहितीत जमा होतो. ऐतिहासिक काळावरील चित्रपटाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. ज्या घरात आणि ज्या गावात कॅमेरा लावला गेला, त्या घराला व गावाला स्वतःचा इतिहास असतो. हा इतिहास कधी पटकथेशी जुळतो, कधी तिच्या विरोधात जातो, तर कधी पटकथेने गाळलेली बाजू उघड करतो. प्रस्तुत लेखात श्याम बेनेगल दिग्दर्शित ‘त्रिकाल’ (१९८५) या हिंदी चित्रपटाच्या आणि गोव्यातील लोटली या गावातील मिरांडा घराण्याच्या वाड्याच्या संदर्भात या संबंधाचा विचार केला आहे.

‘त्रिकाल’ हा रूढ अर्थाने युद्धपट नाही. त्यात रणांगणावरील लढाई नाही. मात्र त्यातील कुटुंबाच्या दारात युद्ध येऊन ठेपलेले आहे आणि घरातील प्रत्येक निर्णयावर त्याची छाया आहे. युद्ध पडद्याबाहेर ठेवून ते घराच्या आत जाणवून द्यायचे, ही या चित्रपटाची रीत आहे. त्यामुळे येथे घराला जे महत्त्व प्राप्त होते ते सामान्य नेपथ्याच्या महत्त्वाहून कितीतरी अधिक आहे.

कथानक व काळ

चित्रपटाचा काळ १९६१ चा, म्हणजे गोव्यातील पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या महिन्यांचा आहे. सुमारे चोवीस वर्षांनी आपल्या गावी परतणारा रुईझ परेरा (नसिरुद्दीन शाह) हा निवेदक असून त्याच्या स्मरणातून सोझा-सोआरेस या जमीनदार ख्रिस्ती घराण्याची कथा उलगडते. घराण्याचा प्रमुख मरण पावला आहे. त्याची विधवा डोना मारिया (लीला नायडू) हे वास्तव स्वीकारावयास तयार नाही. नातीचा साखरपुडा सुतकामुळे लांबणार म्हणून मुलगी अस्वस्थ आहे. पोर्तुगीज सरकारला हवा असलेला एक तरुण नातेवाईक घराच्या तळघरात लपून बसला आहे. घरातील मोलकरीण मिलाग्रेनिया (नीना गुप्ता) ही याच घराण्याच्या अनौरस रक्ताची असून डोना मारिया तिला माध्यम करून पतीच्या आत्म्याला आवाहन करू पाहते.

घराबाहेर काय घडत आहे हे प्रेक्षकाला संभाषणातून कळते. भारताशी असलेली सीमा १९५५ पासून बंद आहे. लिस्बनला जावे, मुंबईला जावे की येथेच राहावे, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर चघळला जातो. राजकीय निष्ठेचा प्रश्न अशा रीतीने लग्न, वारसा आणि घराची मालकी या कौटुंबिक प्रश्नांच्या रूपाने समोर येतो. या चित्रपटासाठी बेनेगल यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा, तर सबा झैदी यांना वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार प्राप्त झाला.

लोटली : स्थळाचा परिचय

लोटली हे सासष्टी तालुक्यातील गाव मडगावच्या ईशान्येस सुमारे दहा किलोमीटर अंतरावर, झुआरी नदीच्या दक्षिणेकडील बाजूस वसले आहे. गोव्याच्या इतिहासात जुन्या काबिजाती व नव्या काबिजाती असा भेद केला जातो. सासष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. नदीपलीकडील फोंडा प्रांत त्यांच्याकडे आला तो अठराव्या शतकात. या दोन काबिजातींमधील सीमा या भागात झुआरी नदीने आखली आहे. लोटली ते फोंडा हे अंतर आज वाहनाने अल्पावधीत कापता येते. परंतु सोळाव्या शतकात धर्मांतराच्या काळात याच नदीने दोन वेगळी जगे निर्माण केली. महाराष्ट्र व कर्नाटकातील अनेक सारस्वत कुटुंबांचे कुलदैवत असलेला श्रीरामनाथ हा मूळचा लोटलीचा. तेथील देऊळ संकटात आल्यावर देवाची मूर्ती नदीपलीकडे फोंड्यातील बांदिवडे येथे नेण्यात आली आणि तो परिसर पुढे रामनाथी म्हणून ओळखला जाऊ लागला. चित्रपटातील वाड्याच्या गावाचा हा पूर्वेतिहास पटकथेत कोठेही येत नाही. ज्या गावातून देव निघून गेला त्याच गावात हे जमीनदार ख्रिस्ती घराणे उभे राहिले, ही गोष्ट मात्र स्थळ पाहणाऱ्या अभ्यासकास टाळता येत नाही.

मिरांडा घराण्याचा वाडा हा या गावातील जुन्या मोठ्या घरांपैकी एक होय. जांभ्याच्या जाड भिंती, उतरती कौलारू छपरे, एकातून दुसऱ्यात उघडणारी दालने, मेजवानीचा मोठा कक्ष आणि घरगुती प्रार्थनेचा देव्हारा ही गोव्यातील अशा घरांची सर्वसाधारण वैशिष्ट्ये आहेत. काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसविलेल्या खिडक्या हे आणखी एक. त्यांतून येणारा प्रकाश दुधाळ व मंद असतो. या वाड्याचे नाव मात्र सर्वदूर पोहोचले ते प्रसिद्ध व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांच्यामुळे. त्यांचा जन्म दमणचा. त्यांचे व्यावसायिक आयुष्य मुंबईच्या नियतकालिकांत गेले आणि उत्तरायुष्य याच घरात. बेनेगल यांचा त्यांच्याशी स्नेह होता व चित्रपटाचे मुख्य चित्रीकरण या वाड्यात झाले.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. चित्रीकरणाच्या वेळी हा वाडा पडीक वास्तू नव्हता, तसेच संग्रहालयही नव्हता. तो राहता होता. फर्निचर, तसबिरी, चिनी मातीची भांडी, झुंबरे या वस्तू एखाद्या काळाचे प्रातिनिधिक नमुने म्हणून मांडलेल्या नसून वापरातून आलेल्या आहेत, हा परिणाम चित्रपटात सतत जाणवतो. अशोक मेहता यांनी अनेक रात्रदृश्ये मेणबत्त्यांच्या प्रकाशात टिपली आहेत. असा प्रकाश भिंतीपर्यंत पोहोचता पोहोचता विरतो आणि दालनाचे कोपरे अंधारात राहतात. स्टुडिओत उभारलेल्या तीन भिंतींच्या दालनात हा परिणाम साधणे कठीण होते, कारण तेथे अंधारापलीकडे काहीच नसते. येथे अंधारापलीकडे पुढचे दालन आहे.

युद्धाची वाट

भारतीय सैन्याची ‘ऑपरेशन विजय’ ही कारवाई १७ व १८ डिसेंबर १९६१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाली आणि १९ डिसेंबरच्या सायंकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांच्या शरणागतीने संपली. शेवटच्या सैनिकापर्यंत लढण्याचा लिस्बनचा आदेश त्यांनी पाळला नाही. त्याबद्दल पुढे त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले व १९७४ च्या पोर्तुगालमधील सत्तांतरानंतरच त्यांची पुनःस्थापना झाली. या मोहिमेत उत्तरेकडून पणजीकडे सरकलेल्या छत्रीधारी ब्रिगेडचा उल्लेख पाठ्यपुस्तकांतून येतो. लोटलीच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते ती पूर्वेकडून आलेली ६३ वी पायदळ ब्रिगेड.

या ब्रिगेडच्या दोन तुकड्या मोले येथे एकत्र आल्या व तेथून वेगवेगळ्या मार्गांनी फोंड्याकडे निघाल्या. १८ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत त्या खांडेपार आणि धारबांदोड्यापर्यंत पोहोचल्या. त्यांना फारसा प्रतिकार झाला नाही. अडथळा झाला तो उडवून दिलेल्या पुलांचा. माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी झुआरीवरील बोरीचा पूलही उद्ध्वस्त केला होता. पिछाडीची शीख पलटण १९ तारखेच्या पहाटे खांडेपारला आली. पुढे तिने झुआरी ओलांडली, छातीभर पाण्यातून एक लहान ओढा पार केला आणि ती राय गावातील तेंबी येथील धक्क्यावर पोहोचली. तेथील एका घराच्या ओसरीवर व गुरांच्या गोठ्यात सैनिकांनी थोडी विश्रांती घेतली आणि दुपारी बाराच्या सुमारास ते मडगावात दाखल झाले. पुढे वेर्णा येथे पोर्तुगीज तुकडीने दिलेला प्रतिकार दुपारी साडेतीनच्या सुमारास संपुष्टात आला.

राय हे लोटलीच्या शेजारचे गाव आहे. बोरीच्या पुलाचा दक्षिणेकडील रस्ता याच परिसरात उतरतो. म्हणजेच १९ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय सैन्य मिरांडा वाड्यापासून काही किलोमीटरवरून पुढे गेले होते. चित्रपटात हे सैन्य दिसत नाही. ते येणार याची फक्त चर्चा होते. कोणत्याही काल्पनिक गावात हे घर ठेवले असते तरी कथानकाला बाधा आली नसती. परंतु प्रत्यक्ष स्थळाचा नकाशा समोर ठेवून चित्रपट पाहिला असता डोना मारियाच्या घरातील प्रतीक्षेला एक भौगोलिक आधार मिळतो. तोफांचे आवाज नसलेले, ओल्या कपड्यांनी चालत आलेल्या पलटणीचे हे युद्ध होते. एखाद्या ओसरीवर घटकाभर टेकून ते पुढे निघून गेले, आणि त्यानंतर साडेचार शतकांची व्यवस्था उरली नाही. चित्रपटाने युद्ध पडद्याबाहेर ठेवले याचे कारण अनेकदा खर्चाच्या मर्यादेत शोधले जाते. सासष्टीपुरते पाहिले तर तेथील लोकांच्या अनुभवाशी हीच मांडणी अधिक जुळणारी आहे, असे म्हणावे लागेल.

सत्तरीचे भूत सासष्टीत

आवाहनाच्या प्रसंगात डोना मारियाला पतीचा आत्मा हवा असतो. येतो तो मात्र पोर्तुगीजांविरुद्ध उठलेल्या राणे बंडखोराचा (कुलभूषण खरबंदा), आणि तो या घराण्याच्या पूर्वजांच्या पापाचा हिशेब मागतो. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण भाग होय. सत्तरीच्या राण्यांची बंडे ही इतिहासातील घटना आहे. दीपाजी राणे यांचे बंड १८५२ मध्ये सुरू झाले व सुमारे साडेतीन वर्षे चालले. कुष्टोबा राणे यांनी १८६९ ते १८७१ या काळात सत्तेला आव्हान दिले. १८९५ मध्ये पुन्हा उठाव झाला. मोकासदारीचे हक्क, जमिनीवरील कर आणि सत्तेचा वाढता हस्तक्षेप ही या बंडांमागील कारणे होती.

या बंडांचे मूळ केंद्र असलेली सत्तरी सह्याद्रीच्या पायथ्याशी, गोव्याच्या ईशान्य टोकाला आहे. ती नव्या काबिजातींतील. भाषेने, दैवतांनी व नातेसंबंधांनी घाटमाथ्यावरील मराठी प्रदेशाशी जोडलेली. लोटली जुन्या काबिजातींतील. चित्रपटाने सत्तरीचे भूत सासष्टीतील वाड्यात आणून बसविले, तेव्हा पोर्तुगीज गोव्याने चार शतके वेगळे ठेवलेले दोन प्रदेश एका दालनात समोरासमोर आले. चित्रीकरणस्थळ सत्तरीत असते तर हा प्रसंग स्थानिक सूडकथेपुरता राहिला असता. लोटलीच्या शिंपल्यांच्या खिडक्यांआड तो परक्या घरात शिरलेल्या घरच्या माणसासारखा वाटतो.

स्थळनिवड : एक तुलना

युद्धाच्या सावलीतील जमीनदार घराण्याची कथा म्हटली की लुकिनो व्हिस्कोंती यांच्या ‘द लेपर्ड’ (१९६३) या इटालियन चित्रपटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. गॅरिबाल्डीच्या १८६० च्या सिसिलीवरील स्वारीच्या काळातील एका सरदार घराण्याची ही कथा. मूळ कादंबरीचे लेखक लाम्पेदुसा यांचा पालेर्मो येथील वाडा १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात नष्ट झाला होता. त्यामुळे चित्रपटातील घराणे अनेक ठिकाणी विभागून उभे करावे लागले. प्रसिद्ध नृत्यसमारंभ पालेर्मोतील गांजी प्रासादात चित्रित झाला. कादंबरीतील डोन्नाफुगाता या गावासाठी चिमिन्ना हे गाव निवडून तेथील चौकात प्रासादाचा दर्शनी भाग नव्याने बांधण्यात आला. त्याच प्रासादाचे अंतर्भाग मात्र रोमजवळील आरिच्चा येथे टिपले गेले. पडद्यावर एक पात्र दारातून आत येते तेव्हा प्रत्यक्षात ते सिसिलीतून इटलीच्या मुख्य भूमीवर आलेले असते.

ही पद्धती चित्रपटनिर्मितीत सर्वमान्य आहे व तिच्यात कमीपणा नाही. ‘त्रिकाल’ची जडणघडण मात्र वेगळी आहे. तेथे घराचा नकाशा पटकथेला बांधून ठेवतो. लपलेला तरुण तळघरात, आवाहन आतल्या दालनात, पाहुण्यांची वर्दळ बाहेरच्या कक्षात. कोण कोठून कोठे जाऊ शकतो हे घर ठरविते. मोलकरीण सर्वत्र जाऊ शकते, म्हणून तिला सर्व ठाऊक असते. बेनेगल यांनी याआधी १८५७ च्या पार्श्वभूमीवरील ‘जुनून’ (१९७८) हा चित्रपटही लखनऊजवळील मलिहाबाद परिसरात जुन्या वास्तूंच्या आधारे केला होता. युद्धाला घराच्या उंबऱ्यावरून पाहण्याची त्यांची दृष्टी तेथेही दिसून येते. परंतु ‘जुनून’मध्ये लढाईचे प्रसंग आहेत, ‘त्रिकाल’मध्ये त्यांची गरजही उरलेली नाही.

चौकटीबाहेर राहिलेले

मिरांडा वाड्याच्या निवडीने चित्रपटाला जे दिले त्याचबरोबर काही गोष्टी हिरावूनही घेतल्या, हे नमूद करणे आवश्यक आहे. कॅमेरा वाड्यात स्थिरावल्याने वाड्याभोवतीचे शेत, कुळे आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारी, त्याच्याशी सेवेने बांधलेली कुटुंबे) बहुतांशी दृष्टीआड राहिली. मिलाग्रेनियाच्या रूपाने हा वर्ग घरात येतो, पण एकटीच्या रूपाने. गोव्याच्या मुक्तीनंतर या वर्गासाठी काय बदलले हे कायद्यांच्या क्रमातून समजते. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७५ मध्ये मुंडकारांना बेदखल करण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळास मालक मानण्यात आले. रुईझ परेरा ज्या गावी परततो, तेथील भाटकारशाहीचा पाया सैन्याच्या आगमनाने जितका हलला नसेल तितका या कायद्यांनी हलला. चित्रपटातील हळहळ घराच्या मालकाची आहे. नदीकाठच्या खाजन शेतात राबणाऱ्या कुळाकडे तीच वर्षे वेगळ्या भाषेत सांगण्यासारखी होती.

भाषेचा प्रश्नही याच प्रकारचा आहे. अशा घरात वडीलधाऱ्यांत पोर्तुगीज, नोकरांशी कोंकणी आणि पुढच्या पिढीत मुंबईमार्गे आलेली इंग्रजी अशी वाटणी असे. चित्रपटात सर्वजण हिंदी बोलतात. हिंदी चित्रपट म्हणून हे अपरिहार्य असले, तरी स्थळाशी इतके प्रामाणिक राहणाऱ्या कलाकृतीत हा भाग कृत्रिम भासतो. भिंती खऱ्या आहेत आणि त्यांच्यात घुमणारा आवाज उसना आहे. वनराज भाटिया यांचे संगीत आणि रेमो फर्नांडिस यांचा सहभाग यांमुळे ही उणीव काही प्रमाणात भरून निघते, कारण गाण्यांत तरी त्या घराचा सूर ऐकू येतो. गोव्यात याच सुमारास राजभाषेचा वाद पेटला होता व फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा संमत झाला, ही पार्श्वभूमी लक्षात घेता चित्रपटाच्या भाषेकडे तेथील प्रेक्षकांनी किती बारकाईने पाहिले असेल याची कल्पना येते.

मराठवाड्याच्या संदर्भात

बेनेगल (१९३४–२०२४) यांचा जन्म व शिक्षण निजामाच्या हैदराबाद संस्थानातील. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याची पोलीस कारवाई झाली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत एक जुनी राजवट संपुष्टात आली. त्यात परभणी जिल्ह्यासह सारा मराठवाडा मुक्त झाला. बालवयात पाहिलेले हे सत्तांतर आणि तेरा वर्षांनंतरचे गोव्यातील सत्तांतर यांचे साम्य उघड आहे : अल्पकाळाची लष्करी मोहीम, त्याआधीची दीर्घ अस्वस्थता आणि जुन्या व्यवस्थेवर पोसलेल्या घराण्यांची कोंडी. विजय तेंडुलकर यांच्या पटकथेवरील ‘निशांत’ (१९७५) मध्ये बेनेगल यांनी तेलंगणातील जमीनदारीचे वर्णन बाहेरून, तिचे चटके सोसणाऱ्यांच्या बाजूने केले. ‘त्रिकाल’मध्ये ते वाड्याच्या आत शिरले. दोन्ही चित्रपट एकत्र अभ्यासले असता एकाच दिग्दर्शकाने जमीनदारीकडे दोन दारांतून कसे पाहिले हे विद्यार्थ्यांना दाखविता येते, आणि वर उल्लेखिलेली कुळांची अनुपस्थिती ही नजरचूक नसून निवड होती हेही ध्यानात येते.

मराठवाड्यातील देशमुख-पाटलांच्या गढ्या १९४७–४८ च्या अशाच आठवणी बाळगून आहेत. रझाकारांच्या भीतीने गढीत एकत्र आलेली गावे, सरहद्दीपलीकडील कॅम्पकडे रात्री निघून गेलेली तरुण मुले, घरात एक मुलगा चळवळीत तर दुसरा सरकारी नोकरीत, हे प्रसंग जुन्या पिढीकडून अनेकांनी ऐकले आहेत. अशा कथेसाठी स्थळ शोधावयाचे झाल्यास लोटलीप्रमाणे राहते, वस्तूंनी भरलेले घर मिळणे येथे सोपे नाही. गोव्यातील वाडा जांभ्याचा आहे. मराठवाड्यातील गढी पुष्कळ ठिकाणी पांढऱ्या मातीची. वस्ती उठली की पावसाने तिचे बुरूज ओघळतात आणि उरलेली माती गावातील लोक धाब्यावर घालण्यासाठी पाट्या भरून नेतात.